दहावीचा पाचवा धडा आपण बायकांनी वाचायला हवा



जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आपल्या महिला मंडळात दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली नववीच्या गणिताबद्दल. भाग १ मधला पहिलाच धडा ‘संच’. महिरपी कंस काढायचे, आत नावं लिहायची, गोलात गोल काढायचे. याचा पुढे उपयोग काय, असं आया विचारतात. दुसरी तक्रार दहावीच्या भाग १ मधल्या पाचव्या धड्याची, म्हणजे ‘संभाव्यते’ची. त्यात फासे आहेत, पत्ते आहेत. सप्तव्यसनांत पहिलं नाव जुगाराचं, आणि आपल्या मुलांनी परीक्षेसाठी बावन्न पत्त्यांत एक्के किती नि राजे किती हे पाठ करायचं! हे कशाला, असं एखादी तरी म्हणतेच.

आणि तिसरं असतं ते मोबाईलवर फिरणारं. संच आणि संभाव्यता दोन्ही आपल्या आगमात आधीच आहेत, पाश्चात्त्यांनी ती आपल्याकडून उचलली, असा मजकूर येतो. आपण हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि तो पुढे पाठवतो. धडा मात्र कुणीच उघडत नाही.

माझं मत सरळ सांगते. हे दोन्ही धडे, विशेषतः पाचवा, मुलांच्या आधी आपण वाचावा. आया, सासवा, मावश्या, आत्या, सगळ्यांनी. मुलांना त्यातून चार-पाच गुण मिळतील. आपल्याला त्यातून जे कळेल त्याची आपल्या समाजाला जास्त गरज आहे. ते काय, त्याकडे येतेच. आधी संच, कारण त्याच्याशिवाय पुढचं समजत नाही.

संच म्हणजे नुसता समूह नव्हे. कोण आत आणि कोण बाहेर हे ज्या समूहाबद्दल नेमकं सांगता येतं, तोच संच. ‘आठवड्याचे वार’ हा संच आहे. ‘वर्गातली हुशार मुलं’ हा संच नाही, कारण हुशार कोण हे प्रत्येकजण वेगळं सांगणार. (याच न्यायाने ‘चांगली सून’ हाही संच होत नाही. मंडळात हे एकदा सांगून बघा.) आपल्याला ही गोष्ट अवघड जाऊ नये. कंदमुळाच्या त्यागाचा नियम घेतला की पहिला प्रश्न हाच येतो. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा आत, यात वाद नाही. आलं आत, पण सुंठ? ओली हळद आत, पण वाळलेली? त्यावर महाराजांना विचारून आपण रेघ नेमकी आखून घेतो. पुस्तकाची भाषा इतकीच की व्याख्या स्पष्ट केल्याशिवाय मोजायला बसू नका.

मोजण्याचं उदाहरण आपल्या भोजनशाळेचंच घेऊ. समजा पर्युषणात नेमगिरीला किंवा नवागडला जाणाऱ्या गाडीत कंदमुळाचा त्याग असलेले १८ जण आहेत आणि रात्रीभोजनाचा त्याग असलेले १४. भोजनशाळेला फोन करून ‘नियमवाल्या ३२ थाळ्या’ असं सांगितलं तर अन्न उरणार, कारण ९ जणांचे दोन्ही नियम आहेत आणि ते दोनदा मोजले गेले. १८ अधिक १४ वजा ९, म्हणजे २३. दोन गोल एकमेकांवर थोडे चढवून काढले की मधल्या जागेत ते ९ जण दिसतात. पुस्तक त्या जागेला छेद म्हणतं, आणि दोन्ही गोलांतल्या सगळ्यांना मिळून संयोग. जॉन वेन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ही चित्रं ओळखली जातात.

काही गोल एकमेकांना शिवतच नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांचे संसारी आणि मुक्त असे दोन भाग केले आहेत, पुढे संसारींचे त्रस आणि स्थावर. एक जीव एका वेळी दोन्हींत असू शकत नाही, आणि दोन्हींच्या बाहेर एकही संसारी जीव उरत नाही. पाठशाळेतली मुलं हे भेद घडाघडा म्हणतात. त्यांना कुणी सांगत नाही की गणिताच्या तासाला ‘विभिन्न संच’ म्हणून जे शिकवतात ते हेच.

आता उपसंच, म्हणजे संचातून निवडलेला लहान संच. रसपरित्याग आपल्याला माहीत आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस. कुणी एक सोडतं, कुणी दोन, कुणी सगळे. तर रसपरित्याग एकूण किती प्रकारांनी करता येईल? प्रत्येक रसाबद्दल दोनच पर्याय आहेत, सोडला किंवा ठेवला. सहा रसांसाठी दोनाला दोनाने सहा वेळा गुणा. २, ४, ८, १६, ३२, ६४. यात ‘काहीच सोडलं नाही’ हाही एक पर्याय मोजला गेला. त्याला पुस्तकात रिक्त संच म्हणतात, आपण त्याला तप म्हणत नाही. तो वगळला की ६३ उरतात. नेमके दोनच रस सोडायचे तर १५ प्रकार. वहीत जोड्या लिहून बघा, तेवढ्याच भरतील.

या हिशेबाचा सर्वसाधारण नियम महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त दिला आहे. काळ इसवी सन ८५० च्या आसपासचा, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या कारकिर्दीतला. तेव्हा आपला मराठवाडाही राष्ट्रकूटांच्याच राज्यात होता. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने छापला. ‘षट्‌खंडागम’ आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका तर आपल्या अमरावतीहून छापून निघाली. मूडबिद्रीच्या मठात शतकानुशतकं जपलेल्या ताडपत्रांवरचा हा ग्रंथ, डॉ. हिरालाल जैन यांचं संपादन, पहिला खंड १९३९ चा. धवलेत संचासारख्या अर्थाने ‘राशी’ हा शब्द येतो, आणि संख्यात, असंख्यात, अनंत असे भेद करून जीवराशींची मोजदाद केलेली आहे. लखनौ विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर लेख लिहिला, तो त्या खंडांतच छापला आहे. अभिमान बाळगायचा तर या गोष्टींचा बाळगावा. नाव, गाव, साल सांगता येतं.

सप्तभंगी सातच का, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. अस्ति, नास्ति, अवक्तव्य हे मूळ तीन. एकेकटे ३, दोन-दोन मिळून ३, तिन्ही मिळून १. एकूण ७. दोनाला तीन वेळा गुणून आलेल्या आठांतून रिक्त संच वगळला. आठवा भंग निघतच नाही.

पण ‘स्याद्वाद म्हणजेच संभाव्यता’ हे मला मान्य नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. त्याचा अर्थ ‘कथंचित’, एका अपेक्षेने. घडा मातीच्या अपेक्षेने आहे, सोन्याच्या अपेक्षेने नाही. या दोन्ही विधानांत शंकेला जागा नाही. संभाव्यतेत प्रश्न वेगळा असतो. गोष्ट अजून घडायची आहे आणि ती घडण्याची शक्यता किती, ते शून्य ते एक यांमधल्या संख्येने सांगायचं असतं. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये सांख्यिकीच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाशी तिचं नातं दाखवलं, हे खरं. १९५७ मध्ये हाल्डेन यांनीही सप्तभंगीवर लेख लिहिला. एवढ्या मोठ्या माणसांना आपल्या विचारात जवळीक दिसली याचा आनंद आहेच. पण त्या दोघांनी दोन्ही विषयांचा अभ्यास केला होता. आपण दोन्हींतलं एकही न वाचता ‘आमच्याकडे आधीच होतं’ म्हणतो, तेव्हा आचार्यांचा मान वाढत नाही.

आता फासे आणि पत्ते. हा विषय युरोपात जुगाऱ्यांच्या प्रश्नांवरूनच सुरू झाला. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच विद्वानांनी डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे यावर एकमेकांना पत्रं लिहिली. म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. उलट जुगाराचा त्याग नुसत्या धाकाने करण्यापेक्षा हिशेब समजून केलेला बरा. समजा शून्य ते नऊ यांतल्या एका आकड्यावर रुपया लावायचा आणि लागला तर नऊ रुपये मिळायचे. लागण्याची संभाव्यता दहात एक. दहा वेळा खेळलं की दहा रुपये जातात आणि सरासरी नऊ येतात. हे वहीवर सोडवलेल्या मुलाला मोबाईलवरच्या खेळात ‘आज नशीब जोरात आहे’ असं म्हणताना दोनदा विचार करावा लागेल.

संभाव्यता आपल्या शेतातही आहे. मृगाच्या आधी सोयाबीनचं घरचं बियाणं तपासतात तेव्हा ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडतात, गुंडाळतात, आणि काही दिवसांनी उघडून मोजतात. सत्तर किंवा जास्त उगवले की बियाणं चांगलं. हा प्रयोग हातात धरलेला एखादा दाणा उगवेलच की नाही ते सांगत नाही. पोतंभर दाण्यांचं काय होईल ते मात्र बऱ्यापैकी खरं सांगतो. एकाबद्दल काही सांगता येत नाही, पुष्कळांबद्दल सांगता येतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आपल्या घरांत ज्या वाक्याने सुनांचं आयुष्य बदलतं ते असं: ‘दोन मुलीच झाल्यात, आता तिसरा मुलगाच होणार.’ त्याचं दुसरं रूप: ‘हिच्या माहेरी सगळ्या मुलीच, हिलाही मुलीच होणार.’ दोन्ही वाक्यं पाचव्या धड्याच्या पहिल्या चार पानांत खोटी ठरतात. नाणं चार वेळा छापा पडलं म्हणून पाचव्यांदा काटा पडायला बांधलेलं नसतं. मागचं त्याला काही आठवत नाही. प्रत्येक बाळंतपणात मुलगा की मुलगी ही शक्यता जवळपास निम्मी-निम्मी, आधी काहीही झालेलं असो. आणि ते ठरतं पित्याकडून आलेल्या बीजावर, हे आता आठवी-नववीच्या मुलांनाही माहीत असतं. तीन अपत्यांचे मुलगा-मुलगी असे एकूण आठ क्रम होतात. त्यांतला एक तिन्ही मुलींचा. म्हणजे तीन अपत्यांची आठ घरं घेतली तर सरासरी एका घरात तिन्ही मुली असणारच. त्या घरातल्या सुनेने काही केलेलं नसतं आणि काही चुकवलेलंही नसतं.

‘हे तिच्या कर्माचं फळ’ असं कुणी म्हणेल. कर्म मीही मानते. पण त्या मुलीचा जीव आपल्या स्वतःच्या कर्मानुसार इथे आला आहे. मुलगी जन्मणं हे आईच्या पापाचं फळ, असा उपदेश मी कुठल्या प्रवचनात ऐकलेला नाही. वीरसेनाचार्यांचे शिष्य जिनसेनाचार्य, त्यांच्या आदिपुराणात तर भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन मुलींना जवळ बसवून शिकवल्याचा प्रसंग आहे. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक. गणित आधी मुलीला शिकवलं गेलं, ही आपली परंपरा.

आता जनगणना. २००१ साली धर्मवार आकडे आले, त्यात शून्य ते सहा वयाच्या जैन मुलांत दर हजार मुलांमागे मुली ८७०. हिंदूंत ९२५, मुस्लिमांत ९५०, ख्रिश्चनांत ९६४, बौद्धांत ९४२. आपल्याखाली फक्त शीख समाज होता, ७८६. त्याच जनगणनेत जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के, सर्व धर्मांत पहिली. २०११ मध्ये आपला आकडा ८८९ झाला. सुधारला, पण तेव्हाही खालून दुसराच. देशातले सर्वांत जास्त जैन आपल्या महाराष्ट्रात राहतात, चौदा लाखांच्या आसपास, म्हणून हे दुसऱ्या प्रांताचं आहे असंही म्हणता येत नाही.

निसर्गात मुलगे किंचित जास्त जन्मतात, साधारण १०० मुलींमागे १०५. म्हणजे हजार मुलग्यांमागे मुली ९५० च्या आसपास असायला हव्यात. ८७० म्हणजे दर हजारी ऐंशी कमी.

हा आकडा मांडला की एक बचाव हमखास येतो, आणि तो ऐकायला पटतो. ‘आमच्यात मुलगा झाला की लोक थांबतात. म्हणून मुली कमी दिसतात. कुणी काही वाईट केलं असं नाही.’ मैत्रिणींनो, इथे वही-पेन घ्या.

सोळा घरं धरा. प्रत्येक घराने ठरवलं, मुलगा झाला की थांबायचं, मुलगी झाली तर पुन्हा वाट पाहायची. हिशेब सोपा जावा म्हणून शक्यता बरोबर निम्मी धरू. पहिल्या वेळी आठ घरांत मुलगा, आठ घरांत मुलगी. मुलगावाली घरं थांबली. उरलेल्या आठांत दुसऱ्या वेळी चार मुलगे, चार मुली. पुन्हा चार घरं थांबली. उरलेल्या चारांत दोन आणि दोन. मग दोन घरांत एक आणि एक. आता बेरीज करा. मुलगे ८, ४, २, १, एकूण १५. मुली ८, ४, २, १, एकूण १५.

सारखेच! एका घरात चार मुली दिसतात, आठ घरांत एकटा मुलगा दिसतो. घरांची रूपं बदलली, पण एकूण मुली कमी झाल्या नाहीत. कारण कुणी कधीही थांबलं तरी प्रत्येक बाळंतपण हे नव्याने टाकलेलं नाणंच असतं. मुलगा झाल्यावर थांबल्याने मुली कमी होऊच शकत नाहीत. हिशेबच तसा आहे.

मग त्या ऐंशी गेल्या कुठे? एका घरापुरतं विचाराल तर कुणालाच बोट दाखवता येणार नाही. एका घरात तीन मुलगे असणं हीसुद्धा आठातली एक शक्यता आहे. त्या घरावर संशय घेणं अन्याय होईल, आणि मी तो घेत नाही. पण लाखो घरांची बेरीज जेव्हा निसर्गाच्या आकड्यापासून इतकी सरकते, तेव्हा ते योगायोगाने होत नाही. गोणपाटावरचा एखादा दाणा न उगवणं वेगळं, आणि पोत्यामागून पोतं कमी उगवणं वेगळं. सोनोग्राफीने गर्भ पाहून निवड झाली आहे, आणि जन्मलेल्या मुलीच्या आजारपणाकडे दुर्लक्षही झालं आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. त्यानंतर सात वर्षांनी मोजले गेले ते हे ८७०.

आपण पाणी गाळून पितो. चातुर्मासात हिरव्या भाज्या सोडतो, सूर्यास्तानंतर ताट वाढत नाही, का तर सूक्ष्म जीवांची विराधना होऊ नये. आणि पोटातला जीव पंचेंद्रिय आहे, मनुष्यगतीतला आहे. आपल्याकडे प्रवचनात बटाट्यावर तासभर ऐकायला मिळतं, या आकड्यावर मात्र क्वचितच कुणी बोलतं. मला हे खटकतं, आणि वयाच्या साठीनंतर ते बोलून दाखवायला मी कचरत नाही. बायकांनी तर जास्तच बोललं पाहिजे. ‘आता मुलगाच हवा’ हे वाक्य घराघरांत बहुतेक वेळा बाईच्याच तोंडून येतं, आणि दवाखान्यात सुनेच्या शेजारच्या खुर्चीवर बाईच बसलेली असते.

भाषणं आपण पुष्कळ ऐकली. ‘बेटी बचाव’च्या फलकाखाली फोटो काढून झाले. माझी सूचना साधी आहे. येत्या चातुर्मासात मंडळाच्या स्वाध्यायाचे दोन दिवस नववीच्या ‘संचा’ला आणि दहावीच्या ‘संभाव्यते’ला द्यावेत. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मराठीत आहेत. शिकवायला बाहेरून कुणी बोलवायची गरज नाही. आपल्यातल्या किती जणी बी.कॉम., बी.एस्सी. होऊन पोळ्या लाटतायत ते मला माहीत आहे, मीही बी.कॉम.च आहे. दहावीच्या मुलींनाही बोलवा, त्या आपल्यापेक्षा चांगलं समजावतील. आणि नवऱ्यांनाही, येत असतील तर.

सोळा घरांचा खेळ तिथे खरोखर खेळून बघा. प्रत्येकीने एक घर व्हायचं, आणि मुलगा येईपर्यंत नाणं टाकत राहायचं. फळ्यावर दोन रकाने, मुलगे आणि मुली. एका फेरीत आकडे मागेपुढे होतील, एखादीला पाच-सहा मुलीही होतील. दहा फेऱ्या झाल्या की दोन्ही बेरजा जवळ येताना दिसतील. नाण्याऐवजी फोडलेले चिंचोके घेऊ नका. आपण लहानपणी सारीपाटाला ते वापरायचो, पण त्यांची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या पडतीलच असं नाही. रुपयाचं नाणंच बरं.